घरविक्रीची गती आणि कर्जाची मुदत: रेस्टन या नियोजित वसाहतीचे प्रकरण

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, वॉशिंग्टनच्या पश्चिमेला सुमारे १८ मैलांवर असलेले रेस्टन हे नियोजित वसाहतींच्या अभ्यासात आवर्जून घेतले जाणारे उदाहरण आहे. २०२०च्या जनगणनेनुसार तेथे ६३,२२६ लोक राहत होते. तळी, झाडीतून जाणाऱ्या पायवाटा, कार्यालये आणि घरे यांचा तेथील मेळ पाहण्यासाठी नगररचनेचे विद्यार्थी आजही तेथे जातात. ही वसाहत ज्यांनी कल्पिली, त्यासाठी जमीन घेतली, कायद्यात बदल करून घेतला आणि पहिले गाव उभे केले, ते रॉबर्ट ई. सायमन मात्र पहिले कुटुंब राहायला आल्यापासून तीन वर्षांच्या आत स्वतःच्याच प्रकल्पाबाहेर पडले. त्यांच्यावर गैरव्यवहाराचा ठपका नव्हता आणि बांधकामही निकृष्ट नव्हते. घरे हिशेबात धरलेल्या वेगाने विकली जात नव्हती आणि धनको थांबायला तयार नव्हता, एवढेच घडले होते.

तीच जमीन आणि बव्हंशी तोच आराखडा ठेवून पुढच्या दशकात रेस्टनची लोकसंख्या सहापटींहून अधिक वाढली. त्यामुळे ‘लोकांना अशी वसाहत नकोच होती’ हे स्पष्टीकरण टिकत नाही. माझ्या मते रेस्टनचे खरे प्रकरण मागणीचे नसून मुदतीचे आहे. वाढत्या वसाहतीत घरविक्रीची गती ज्या गोष्टींवर ठरते, त्यांतल्या बऱ्याचशा विकासकाच्या हातात नसतात. कर्ज फेडण्याची गती मात्र तो करारावर सही करतो त्याच दिवशी ठरून जाते. या दोन गतींमधले अंतर किती असू शकते आणि ते कोणी सोसायचे, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसते.

जमीन, परवानगी आणि पहिले कर्ज

न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध कार्नेगी हॉलची मालकी सायमन घराण्याकडे होती. १९६०मध्ये न्यूयॉर्क शहराने ती वास्तू ५० लाख डॉलरना विकत घेतली. त्या व्यवहारातून आलेल्या पैशांच्या आधारावर सायमन यांनी १९६१मध्ये फेअरफॅक्स काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) ६,७५० एकरांचा सलग पट्टा सुमारे १ कोटी २८ लाख डॉलरना घेतला. एकरी भाव १,९०० डॉलरच्या आसपास पडला, म्हणजे जमीन महाग नव्हती. परंतु कार्नेगी हॉलची सगळी किंमत ओतली असती तरी या जमिनीची निम्मी रक्कमही भागली नसती. म्हणजे प्रकल्पाच्या डोक्यावर पहिल्या दिवसापासून कर्ज होते.

त्यानंतरचा अडथळा कायद्याचा होता. काउंटीच्या तत्कालीन नियमांना घरांचा विभाग, दुकानांचा विभाग आणि कारखान्यांचा विभाग वेगवेगळा हवा असे. दुकानावर घर, घरांच्या रांगेशेजारी उंच इमारत आणि मधोमध तळे अशी सरमिसळ त्यात बसत नव्हती. १९६२मध्ये काउंटीने नियोजित निवासी वसाहतीसाठी नवी तरतूद मंजूर केली. तीनुसार विरळ भागात एकरी ३.८, मध्यम भागात १४ आणि दाट भागात ६० माणसे धरायची होती, आणि संपूर्ण वसाहतीची सरासरी एकरी १३ माणसांच्या वर जाऊ द्यायची नव्हती. अमेरिकी नगररचनेच्या इतिहासात ही तरतूद मोलाची ठरली. मात्र ती मिळेपर्यंत वर्षाहून अधिक काळ गेला, आणि त्या काळात जमिनीवर एकही घर विक्रीला नव्हते.

सायमन यांनी वसाहतीसाठी सात उद्दिष्टे लिहून ठेवली होती. माणसाला आयुष्यभर एकाच वसाहतीत राहता यावे, त्यासाठी लहान-मोठी, स्वस्त-महाग अशी सर्व प्रकारची घरे असावीत. राहण्याच्या ठिकाणीच काम मिळावे. सौंदर्याला जागा असावी. आणि दुकाने, करमणूक, सांस्कृतिक सोयी वसाहत भरल्यावर नव्हे, तर सुरुवातीपासून उपलब्ध असाव्यात. वर्णभेदाचे नियम अंगवळणी पडलेल्या त्या काळच्या व्हर्जिनियात, घरखरेदीतील भेदभावाला देशभर बंदी घालणारा १९६८चा कायदा येण्याआधीच, रेस्टनची दारे सर्वांना खुली ठेवण्यात आली होती. हा निर्णय मला या संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत धैर्याचा वाटतो. सातव्या उद्दिष्टात, हे सर्व खासगी उद्योगातून होत असल्याने प्रकल्प आर्थिकदृष्ट्याही यशस्वी झाला पाहिजे, असे स्पष्ट म्हटले होते.

यांतले ‘सुरुवातीपासून सर्व सोयी’ हे उद्दिष्ट रहिवाशाच्या दृष्टीने सर्वांत चांगले आणि रोकडीच्या दृष्टीने सर्वांत जड होते.

लेक अ‍ॅन: पहिल्या टप्प्यात काय बांधले गेले

पहिल्या गावाला लेक अ‍ॅन हे नाव मिळाले. ओढ्यावर बांध घालून सुमारे ३० एकरांचे तळे तयार केले गेले. तळ्याच्या एका टोकाला फरसबंदीचा चौक, चौकाभोवती वाकत जाणारी दुकानांची रांग आणि दुकानांच्या वर घरे अशी रचना होती; शेजारी हेरन हाउस ही पंधरा मजली इमारत उभी राहिली. चौकातून मोटारींना मज्जाव होता. आजूबाजूला तीन निरनिराळ्या वास्तुरचनाकारांनी रो हाउसचे समूह रचले. त्यांपैकी चार्ल्स गुडमन यांचा हिकरी क्लस्टर उतारावरच्या झाडीत बसवलेला होता. सपाट छप्परे, मोठाल्या काचा आणि उघडे काँक्रीट ही त्याची ओळख. विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या होत्या. पायवाटा रस्त्यांखालच्या बोगद्यांतून पार जात, म्हणजे मुलांना रस्ता ओलांडावा लागत नसे.

आता १९६५च्या ग्राहकाच्या बाजूने पाहू. वॉशिंग्टनच्या एखाद्या सरकारी कार्यालयात काम करणारा, दोन मुले असलेला माणूस रविवारी नमुना घर पाहायला येतो. घर त्याला आवडते. तळे तर फारच आवडते. मग तो बारकाईने पाहू लागतो, तेव्हा घराच्या दोन्ही भिंती शेजाऱ्यांशी सामाईक निघतात, स्वतःचे म्हणावे असे अंगण जेमतेम असते आणि छप्पर त्याने आजवर पाहिलेल्या कुठल्याच घरासारखे नसते. तेवढ्याच पैशांत शहराच्या जवळच्या एखाद्या नेहमीच्या वसाहतीत त्याला उतरत्या छपराचे स्वतंत्र घर, मागे अंगण आणि शेजारी मोटार लावायला जागा मिळते. तिथे सार्वजनिक तळे नाही, चौक नाही, पण हे घर पुढे विकायचे झाले तर गिऱ्हाईक मिळेल याची त्याला खात्री वाटते. रेस्टनच्या घराला मात्र दुसऱ्या विक्रीचा इतिहासच नव्हता. गृहकर्ज देणाऱ्या संस्थेलाही हीच अडचण होती, कारण घराचे मूल्यांकन करताना तुलनेला घ्यावी अशी शेजारची विक्री उपलब्ध नव्हती. नव्या प्रकारच्या पहिल्या काहीशे घरांची विक्री म्हणूनच हळू होते. घर वाईट असते म्हणून नव्हे, तर खरेदीदार आणि कर्ज देणारा दोघेही पुरावा मागतात आणि पुरावा विक्रीतूनच तयार होतो म्हणून.

गतीचा हिशेब

१९८०पर्यंत रेस्टनमध्ये ७५,००० लोक राहतील, अशी कल्पना होती. या आकड्याची फोड करून पाहिली म्हणजे त्यातले वजन कळते. १९६४पासून मोजले तर हाती १६ वर्षे होती. म्हणजे दरवर्षी सरासरी ४,७०० माणसे. एका घरात सरासरी ३.३ माणसे धरली, तर वर्षाला सुमारे १,४२० घरे, आठवड्याला २७ घरे. सोळा वर्षे, हिवाळा-उन्हाळा, तेजी-मंदी, एकही आठवडा न चुकवता.

एकाच नमुन्याची स्वस्त घरे काढणाऱ्यांनी याहून मोठा वेग गाठला होता. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ ते १९५१ या काळात १७,४४७ घरे उभी राहिली. पण तेव्हा युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीचे कर्ज मिळत होते, घरांचा तुटवडा तीव्र होता आणि विकायची वस्तू एकच होती. रेस्टनमध्ये वस्तू अनेक होत्या, प्रत्येकीचा ग्राहक वेगळा होता आणि शेजारी पर्यायही भरपूर होते.

कर्जाचा भार विक्रीच्या गतीने कसा बदलतो, हे एका साध्या उदाहरणाने सांगता येते. जमिनीचे १ कोटी २८ लाख डॉलर आणि १९६४मध्ये गल्फ ऑइल या तेल कंपनीने कर्जाऊ दिलेले १ कोटी ५० लाख डॉलर, अशी मिळून २ कोटी ७८ लाखांची रक्कम घेऊ आणि तिच्यावर समजुतीपुरते ६ टक्के व्याज धरू. हा कंपनीचा ताळेबंद नव्हे. आकडेमोड समजावी म्हणून केलेली मांडणी आहे. वर्षाचे व्याज १६ लाख ६८ हजार डॉलर होते. वर्षात ६०० घरांचा ताबा दिला, तर दर घरामागे २,७८० डॉलर व्याज पडते. २०० घरांचाच ताबा दिला, तर तोच आकडा ८,३४० डॉलर होतो. घर तेच, विटा त्याच, मजुरी तीच; परंतु विक्री एक तृतीयांशावर आली की घराच्या किमतीत व्याजाचा वाटा तिप्पट होतो. ही वाढ ग्राहकाकडून वसूल करायला जावे तर किंमत चढते आणि विक्री आणखी मंदावते; सोसावी तर नफा जातो आणि पुढच्या टप्प्याला भांडवल उरत नाही. मोठ्या वसाहतीचा विकासक अडचणीत येतो तो बहुधा याच कात्रीत सापडून.

शिवाय रस्ते, मलनिस्सारण वाहिन्या, बांध, चौक यांवरचा खर्च तुकड्यातुकड्याने करता येत नाही. दोनशे घरांसाठी जेवढी मुख्य वाहिनी लागते, तिचा खर्च दोन हजार घरांच्या वाहिनीपेक्षा फारसा कमी नसतो. पैसा आधी एकरकमी जातो आणि नंतर घराघराने परत येतो.

विक्री का मंदावली

ग्राहकाच्या नजरेतला नवखेपणा हे एक कारण वर आलेच. दुसरे कारण रस्त्याचे होते. १९६२मध्ये डलेस विमानतळ सुरू झाला आणि वॉशिंग्टनहून तिथे जाणारा नवा वेगवान रस्ता नेमका रेस्टनच्या जमिनीच्या मधोमध आला. नकाशावर पाहणाऱ्याला हे वरदान वाटावे. परंतु तो रस्ता केवळ विमानतळाच्या वाहतुकीसाठी राखून ठेवलेला होता आणि वॉशिंग्टनला कामाला जाणाऱ्या रेस्टनच्या रहिवाशांना त्यावर चढता येत नव्हते. त्यांना जुन्या, वळणावळणाच्या रस्त्यांनी जावे लागे. घर पाहायला आलेला माणूस रविवारी येतो, पण निर्णय घेताना तो सोमवार सकाळचा विचार करतो. आणि सोमवार सकाळच्या हिशेबात रेस्टन लांब होते.

तिसरे कारण रोजगाराचे. राहण्याच्या ठिकाणीच काम हे उद्दिष्ट खरे व्हायचे तर कार्यालये आणि उद्योग यायला हवे होते. त्यांच्यासाठी जागा राखून ठेवली होती, पण मोठा मालक अशा ठिकाणी यायला वेळ घेतो. त्याला कर्मचारी हवे असतात आणि कर्मचाऱ्यांना घरे. कोणी आधी यायचे हा पेच पहिल्या तीन वर्षांत सुटला नाही.

चौथे कारण या सर्वांहून अनपेक्षित होते आणि रेस्टनपुरते मर्यादितही नव्हते. १९६६मध्ये अमेरिकेत पतपुरवठ्याची मोठी टंचाई झाली. ठेवींवर किती व्याज द्यायचे याला कायद्याची मर्यादा होती. बाजारातले व्याजदर तिच्या वर गेल्यावर ठेवीदारांनी बचत संस्थांतून पैसा काढून सरकारी रोख्यांकडे वळवला, आणि ज्या संस्था प्रामुख्याने गृहकर्जे देत, त्यांच्याकडे द्यायला पैसाच उरला नाही. १९६५मध्ये देशात सुमारे १४ लाख ७० हजार घरांची बांधकामे सुरू झाली होती. १९६६मध्ये तो आकडा ११ लाख ६५ हजारांवर आला. म्हणजे रेस्टनला ज्या वर्षी वेग घ्यायचा होता, त्याच वर्षी खरेदीदाराला कर्ज मिळणे अवघड झाले. आवड असलेला, परवडणारा, निर्णय घेतलेला ग्राहकही अशा वेळी व्यवहार पुरा करू शकत नाही.

या चार कारणांचे स्वरूप एकमेकांपासून फार वेगळे आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. नवखेपणा काळाने जातो. रस्ता सरकारच्या निर्णयाने मिळतो. रोजगार एखाद्या मोठ्या संस्थेच्या निर्णयाने येतो. पतपुरवठा देशाच्या अर्थकारणाने ठरतो. चारांपैकी एकही गोष्ट किंमत कमी करून किंवा जाहिरात वाढवून सुटणारी नव्हती. तरीही विक्री मंदावली की पहिला संशय जाहिरातीवर आणि विक्रेत्यांवरच घेतला जातो.

१९६७ आणि त्यानंतर

पहिले कुटुंब डिसेंबर १९६४मध्ये राहायला आले. १९६७पर्यंत वसाहतीत मोजकेच लोक होते. त्या वर्षी गल्फ ऑइलने आपली गुंतवणूक वाचवण्यासाठी कारभार हाती घेतला, गल्फ रेस्टन ही उपकंपनी स्थापन केली आणि शरद ऋतूत सायमन यांना दूर केले. आराखडा आता गुंडाळला जाईल, या भीतीने रहिवाशांनी त्याच वर्षी संघटना उभी केली. ती भीती पूर्णपणे खरी ठरली नाही याचे श्रेय काही प्रमाणात त्यांच्या जागरूकतेलाही आहे.

गल्फने विकायची वस्तू बदलली. नेहमीच्या वळणाची स्वतंत्र घरे वाढवली, बाहेरच्या बिल्डरांना भूखंड दिले, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आणि वृद्धांसाठी सरकारी साहाय्याची घरे येऊ दिली. पायवाटा, तळी आणि गावांची मूळ कल्पना कायम राहिली. वास्तुरचनेतला धीटपणा मात्र बराचसा गेला. १९७४मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे मुख्यालय रेस्टनला आले आणि कामाच्या ठिकाणाजवळ घर ही गोष्ट हजारो कर्मचाऱ्यांच्या बाबतीत प्रत्यक्षात शक्य झाली.

१९७०च्या जनगणनेत ५,७२३ असलेली लोकसंख्या १९८०मध्ये ३६,४०७ झाली. दहा वर्षांत ३०,६८४ माणसांची भर, म्हणजे वर्षाला सुमारे तीन हजार. घरामागे तीन माणसे धरली तर वर्षाला हजारभर घरे. यांत भाड्याची घरेही आली, त्यामुळे प्रत्यक्ष विक्री याहून कमी असणार. आणि हे सर्व १९७३-७५च्या मंदीतून जाऊन. त्या मंदीत देशातील नव्या स्वतंत्र घरांची विक्री १९७२च्या ७ लाख १८ हजारांवरून १९७४मध्ये ५ लाख १९ हजारांवर घसरली होती.

या आकड्यांतली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. वसाहतीने वेग घेतला असे ज्या दशकाबद्दल म्हटले जाते, त्या दशकाच्या अखेरीसही रेस्टन मूळ उद्दिष्टाच्या निम्म्याखालीच होते: ७५,०००च्या जागी ३६,४०७. सायमन यांचा अंदाज तीन वर्षांत चुकला, आणि गल्फ आल्यानंतरही तो सोळा वर्षांच्या मुदतीत गाठला गेला नाही. फरक असा, की गल्फकडे तेलाच्या व्यवसायातून येणारा पैसा होता आणि रेस्टनवर तिचा निर्वाह अवलंबून नव्हता. १९७८मध्ये तिने आपला उरलेला हिस्सा मोबिल या दुसऱ्या तेल कंपनीला विकला आणि बाहेर पडली.

रस्त्याचे श्रेय मात्र जपून द्यावे असे मला वाटते. विमानतळाच्या रस्त्याला समांतर टोल रस्ता १९८४मध्ये खुला झाला आणि रेस्टनकरांना वॉशिंग्टनची थेट वाट मिळाली; त्यानंतर कार्यालये झपाट्याने आली, १९९०मध्ये नगर केंद्र सुरू झाले. ‘रस्ता आला आणि घरे विकली गेली’ ही कथा ऐकायला सुटसुटीत आहे. पण लोकसंख्या १९८०च्या ३६,४०७वरून १९९०मध्ये ४८,५५६ झाली, म्हणजे वाढ आधीच्या दशकाच्या निम्म्याहून कमी. कुटुंबे लहान होत गेल्याने घरांची संख्या लोकसंख्येपेक्षा वेगाने वाढते, हे मान्य केले तरी सर्वांत मोठी वाढ रस्त्याच्या आधीच झाली होती. म्हणून पहिल्या तीन वर्षांतल्या मंद विक्रीचे खापर एकट्या रस्त्यावर फोडणे योग्य नाही.

शेजारचे उदाहरण

याच सुमारास मेरीलँड राज्यात जेम्स राउस यांनी कोलंबिया ही वसाहत हाती घेतली. सुमारे १४,००० एकर जमीन गाजावाजा न करता, निरनिराळ्या कंपन्यांच्या नावाने घेतल्यानंतर १९६३मध्ये तिची घोषणा झाली. पैसा कनेक्टिकट जनरल या आयुर्विमा कंपनीचा होता, आणि ती निव्वळ सावकार नव्हती, तर प्रकल्पात भागीदार होती. १९६७मध्ये लोक राहायला येऊ लागले. राउस यांच्या कंपनीने घरे स्वतः बांधण्यापेक्षा तयार भूखंड अनेक बिल्डरांना विकण्यावर भर दिला, त्यामुळे एकाच वेळी निरनिराळ्या किमतींची, बऱ्याच अंशी परिचित वळणाची घरे बाजारात होती. १९७०मध्ये, म्हणजे सुरुवातीनंतर तीनच वर्षांत, तिथे ८,८१५ लोक होते.

पण कोलंबियाचे उद्दिष्टही साधले गेले नाही. १९८०च्या सुमारास १,१०,००० लोक राहतील असा अंदाज होता. १९८०च्या जनगणनेत ५२,५१८ निघाले. हे उद्दिष्टाच्या सुमारे ४८ टक्के होते, आणि रेस्टनचेही प्रमाण जवळपास तेवढेच येते. १९७४-७५च्या मंदीत कोलंबियाची विकास कंपनी फार मोठ्या आर्थिक संकटात होती. तरी राउस टिकले, विमा कंपनीने कर्जाची फेररचना केली आणि १९८५मध्ये राउस यांच्या कंपनीनेच तिचा हिस्सा विकत घेतला.

दोन्ही ठिकाणी अंदाज साधारण सारख्याच प्रमाणात फसला, मात्र एका ठिकाणी संस्थापक गेला आणि दुसरीकडे राहिला. या फरकाची इतर कारणेही सांगता येतील. बिल्डरांवर सोपवलेले बांधकाम हे त्यांतले मोठे. तरीही आयुर्विमा कंपनीचे पैसे स्वभावतःच वीस-तीस वर्षांच्या मुदतीचे असतात आणि भागीदाराला प्रकल्प बुडवून आपले पैसे वाचवता येत नाहीत, हे मला निर्णायक वाटते.

गती मोजायची कशी

अशा प्रकरणांत ‘विक्री’ हा शब्द एकाच अर्थाने वापरला जात नाही, आणि त्यातून पुष्कळ चुकीचे निष्कर्ष निघतात. बुकिंग झाले म्हणजे पैसा आला असे नाही. कर्ज नामंजूर होते, जुने घर विकले जात नाही, नोकरी बदलते आणि व्यवहार मोडतो. १९६६सारख्या वर्षात बुकिंगचा आकडा आणि ताब्याचा आकडा यांत मोठी तफावत पडणे स्वाभाविकच आहे. धनकोचे व्याज ताब्याच्या वेळी येणाऱ्या पैशातून भागते, बुकिंगच्या आकड्यातून नव्हे. म्हणून महिन्याचा अहवाल वाचताना मोडलेले व्यवहार वजा करून उरलेली विक्री आधी पाहावी, आणि मग तयार व अर्धवट बांधलेली घरे त्या गतीने संपायला किती महिने लागतील ते काढावे.

संपूर्ण वसाहतीची एकच सरासरी काढण्याची पद्धतही दिशाभूल करते. महिन्याला ३० घरे विकली गेली, या वाक्यात २६ स्वतंत्र घरे आणि ४ रो हाउस असतील, तर रो हाउसचा पुढचा टप्पा सुरू करणे म्हणजे पैसा गाडून ठेवणे होय. प्रत्येक प्रकारच्या घराची गती वेगळी मोजली तरच टप्पा केव्हा उघडायचा हे ठरवता येते.

वाढत्या वसाहतीत आणखी एक स्पर्धक हळूहळू तयार होतो, तो म्हणजे तिथलेच जुने घर. पाच-सात वर्षांनी पहिले रहिवासी घरे विकायला काढतात. ती घरे तळ्याजवळच्या उत्तम जागी असतात, झाडे वाढलेली असतात आणि ताबा लगेच मिळतो. विकासकाचे नवे घर मात्र वसाहतीच्या कडेला, उघड्या मातीत उभे असते. नव्या घरांची विक्री कमी झालेली दिसली तरी वसाहतीची मागणी कमी झालेली नसते. ती आतल्या आत वळलेली असते.

फ्लॉरिडातील द व्हिलेजेस या ज्येष्ठांच्या वसाहतीत अलीकडच्या काही वर्षांत वर्षाला तीन हजारांहून अधिक नवी घरे विकली गेली आहेत. रेस्टनला जो वेग कधीच मिळाला नाही, त्याच्या दुपटीहून हा अधिक आहे. तिथला ग्राहक निवृत्त आहे. त्याला रोज सकाळी कुठल्याही कार्यालयात पोहोचायचे नसते आणि मुलांची शाळा पाहायची नसते, त्यामुळे रेस्टनला अडवणाऱ्या कारणांपैकी दोन तिथे मुळातच नाहीत. एका वसाहतीच्या गतीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याआधी ग्राहक कोण आहे हे पाहिले पाहिजे, ते यासाठी.

सायमन यांच्या हातात काय होते

या प्रकरणाचा निवाडा करताना बहुतेक टीका लेक अ‍ॅनवर रोखली जाते: चौक आधी बांधायला नको होता, रो हाउस इतकी नवी नकोत, आधी नेहमीची घरे विकून पैसा उभा करायला हवा होता. यातले शेवटचे म्हणणे मला बऱ्याच अंशी पटते. १९६४मध्येच काही शे एकरांवरचे तयार भूखंड अनुभवी बिल्डरांना विकले असते, तर स्वतंत्र घर हवे असलेला ग्राहक परत गेला नसता आणि नव्या धाटणीच्या घरांना पुरावा गोळा करायला वेळ मिळाला असता.

चौक आणि तळे पुढे ढकलण्याचा सल्ला मात्र मला मान्य नाही. पुढच्या दशकात गल्फने जी नेहमीची घरे विकली, ती शेजारच्या वसाहतींतल्या घरांहून वेगळी ठरली ती तळी आणि पायवाटांमुळेच. आधीच्या मालकाने केलेल्या खर्चाचे फळ नंतरच्या मालकाला मिळाले, एवढेच. १९९३मध्ये सायमन रेस्टनला परतले, त्यांनी हेरन हाउसमध्ये घर घेतले आणि २०१५मध्ये वयाच्या १०१व्या वर्षी निधन होईपर्यंत ते तिथेच राहिले. तोवर लेक अ‍ॅनच्या चौकाला वसाहतीचे हृदय म्हणूनच मानले जात होते.

बदलायला हवा होता तो कर्जाचा करार. पहिल्या काही वर्षांत मुद्दलाची परतफेड नसणे, व्याजाचा काही भाग ताबा दिलेल्या घरांच्या संख्येशी बांधलेला असणे, आणि विक्री अंदाजाच्या निम्म्यावर राहिली तरी दोन-तीन वर्षे तग धरेल एवढी राखीव रोकड पहिल्याच कर्जात धरलेली असणे, या तीन अटी मिळत नसतील तर पहिला टप्पाच लहान करायला हवा होता. निम्म्या वेगाची कसोटी इथे मुद्दाम घेतली आहे, कारण रेस्टन आणि कोलंबिया या दोन्ही वसाहती १९८०मध्ये बरोबर त्याच्या आसपास पोहोचल्या होत्या.